शिवसागर रामगुलाम मॉरिशसचे राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हते

सामान्यज्ञानाच्या प्रश्नसंचांत ‘मॉरिशसचे पहिले राष्ट्राध्यक्ष: शिवसागर रामगुलाम’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. ते साफ चूक आहे.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला आणि रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. पण राष्ट्रप्रमुख होत्या इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ, आणि त्यांच्या वतीने कारभार पाही गव्हर्नर जनरल. राष्ट्राध्यक्षपद तेव्हा नव्हतेच. १९८२च्या निवडणुकीत रामगुलाम यांचा पक्ष सपाटून हरला. पुढे १९८३च्या अखेरीस ते गव्हर्नर जनरल झाले आणि १५ डिसेंबर १९८५ रोजी पदावर असतानाच वारले. गोंधळाचे मूळ बहुधा इथेच: राष्ट्रप्रमुखाच्या निवासात राहणारा तो राष्ट्राध्यक्ष, असा समज.

देश प्रजासत्ताक झाला १२ मार्च १९९२ला. तारीख तीच, वर्ष वेगळे. घाईत वाचणारा इथे हमखास फसतो. तेव्हाचे गव्हर्नर जनरल वीरासामी रिंगाडू हेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेही जूनअखेरपर्यंत. त्यानंतर कासम उतीम आले.

डच १५९८मध्ये येण्याआधी बेट कुणाला ठाऊकच नव्हते, हीसुद्धा अशीच एक थाप. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना ते आधीच माहीत होते. वस्ती मात्र डचांनी १६३८मध्ये केली.