सिबिल फुकटात बघता येतं, मग बघत का नाही?

झेरॉक्स जसं एका कंपनीचं नाव, तसंच सिबिल पण, फक्त आता आपण "त्याचं सिबिल खराब आहे" हे बीपी सांगितल्यासारखं सांगतो. कोणी किती कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले का, हा डेटा जमवणाऱ्या भारतात कंपन्या चार, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. एखाद्या बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलं, अगदी मोबाईल हप्त्यावर घेतला तरी तुमची फाईल तयार होते, कारण २००५ चा कायदाच तसा आहे. म्हणजे "माझा डेटा घेऊ नका" म्हणायची सोयच नाही. मग निदान तो आपल्या कामाला तरी लावू.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा असतो. दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढला की वर्षभर लक्ष राहतं, त्यासाठी पैसे भरून प्लॅन घ्यायची काही गरज नाही.

रिपोर्ट आला की सगळे आधी स्कोअर बघतात, ३०० ते ९०० मधला तो आकडा, पण खरा माल खाली असतो. प्रत्येक कर्जाचा महिनावार तक्ता असतो, ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस थकला. मित्रासाठी जामीनदार म्हणून सही केलेली असेल तर तेही कर्ज तिथे दिसतं, आणि मित्र हप्ते चुकवत असेल तर ते त्याने सांगायच्या आधी इथेच कळतं!

आता एक गंमत. कार्डाची लिमिट एक लाख, दर महिन्याला ऐंशी-नव्वद हजार वापरता आणि बिल पूर्ण भरता, तरी स्कोअर दबलेला का? तर बँक ठराविक दिवसाची बाकी कळवते, अनेकदा ती बिल बनतं तेव्हाची असते, तुम्ही पुढच्या आठवड्यात भरलेले पैसे त्यात नसतात, आणि लिमिटच्या काठावर जगणारे लोक पुढे जास्त थकतात असं जुन्या लाखो कर्जांच्या डेटावरून स्कोअर काढणारं कॉम्प्युटर मॉडेल शिकलेलं असतं. त्याला तुमचा स्वभाव माहीत नाही, फक्त पॅटर्न माहीत. बिल बनायच्या चार दिवस आधीच बरेचसे पैसे भरून टाका, बाकी कमी दिसते.

माझ्या रिपोर्टमध्ये सहा वर्षांपूर्वी बंद केलेलं कार्ड चालू दिसत होतं, वर वार्षिक फी थकीत. ऑनलाईन तक्रार टाकली. २०२४ पासून नियम असा की तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई. माझं काम सव्विसाव्या दिवशी झालं, थोडं वाईटच वाटलं.

आपल्या डेटाचा दुसरा उपयोग अकाऊंट ॲग्रिगेटरचा, म्हणजे बँक आणि कर्ज देणारा यांच्यामधल्या मध्यस्थाचा, सप्टेंबर २०२१ पासून चालू आहे. किराणा दुकानदाराकडे सॅलरी स्लिप नसते पण खात्यात रोज युपीआयचे पैसे पडतात, तोच त्याचा पुरावा. ॲग्रिगेटर तुमच्या परवानगीने बँकेतला हा डेटा कर्ज देणाऱ्याकडे पोचवतो, स्वतः मात्र तो वाचू शकत नाही, कारण तो एन्क्रिप्ट केलेला असतो, पोस्टमनच्या हातातल्या बंद पाकिटासारखा. एजंटला व्हॉट्सॲपवर स्टेटमेंटची पीडीएफ आणि खाली पासवर्ड पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. परवानगी नंतर रद्द करता येते पण आधी गेलेला डेटा आपोआप परत येत नाही, तो किती दिवस ठेवणार हे परवानगीतच लिहिलेलं असतं, तेवढी ओळ तरी वाचाच.

बँकेच्या बाहेर मात्र चित्र फिकं आहे. युरोपात २०१८ पासून आपण दिलेला डेटा उचलून दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा हक्क आहे. आपल्या २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात तो होता, २०२३ च्या कायद्यात माहिती मागायचा, दुरुस्त करायचा, पुसायचा हक्क लिहिला गेला पण हा वगळला गेला. त्यामुळे चार वर्षं डिलिव्हरी करून कमावलेला रेकॉर्ड रायडरला नव्या ॲपकडे हक्काने नेता येत नाही, तिथे पहिल्या दिवशी तो नवशिकाच.