आद्य वसाहतकारांपर्यंतचा वंशशोध (न्यू इंग्लंड)

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, म्हणजे न्यू इंग्लंडमध्ये, १६२० ते १६४० या वीस वर्षांत इंग्लंडहून येऊन वसलेल्या एखाद्या कुटुंबापासून आपला वंश चालत आला आहे, हे कागदोपत्री सिद्ध करण्याची रीत. अमेरिकेत हा कित्येकांचा छंद आणि काहींचा पोटापाण्याचा धंदा आहे. गेल्या शंभरेक वर्षांत त्याला शास्त्राची शिस्तही आली आहे. घरात चालत आलेली आठवण, आडनावाचे साम्य किंवा भिंतीवर टांगलेले कुलचिन्ह यांना इथे पुरावा मानत नाहीत. आजच्या माणसापासून त्या काळापर्यंत साधारण बारा ते पंधरा पिढ्या भरतात आणि त्यांतला प्रत्येक दुवा वेगळा सिद्ध करावा लागतो. जात पडताळणीसाठी ज्याने वंशावळ जोडली आहे त्याला हे चटकन कळेल: पणजोबांचा दाखला हाती आहे, आजोबांचाही आहे, पण दोघांना बापलेक ठरवणारा कागद नसला की सगळे अडते.

मेफ्लॉवर हे जहाज १०२ प्रवासी घेऊन १६२० च्या नोव्हेंबरात केप कॉडला पोचले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. उरलेल्यांनी प्लिमथ वसवले. पुढे १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली अकरा जहाजांचा ताफा आला, बॉस्टन उभे राहिले आणि १६४० पर्यंत सुमारे वीस हजार माणसे या भागात उतरली. त्यानंतर ओघ आटला, कारण इंग्लंडमध्येच राजा आणि पार्लमेंट यांच्यात जुंपली आणि प्युरिटनांना, म्हणजे चर्चमध्ये सुधारणा मागणाऱ्या या कडव्या प्रोटेस्टंटांना, देश सोडायचे कारण उरले नाही. आलेल्यांत एकट्या तरुणांपेक्षा बायकामुलांसह आलेली घरे जास्त होती, त्यामुळे वस्ती झपाट्याने वाढली. नंतर दोनशे वर्षे बाहेरून फारशी भर पडली नाही आणि तीच ती घराणी आपसांत सोयरिकी करत राहिली. ज्याचे एक आजोबा जुन्या न्यू इंग्लंडचे, त्याच्या पूर्वजांत या वीस हजारांपैकी डझनावारी माणसे निघतात, आणि एकच माणूस तीन-चार वाटांनी पूर्वज ठरतो तेही नवल नव्हे. मेफ्लॉवरचे वंशज आज कोट्यवधींच्या घरात असावेत असा अंदाज करतात. त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नाही.

या प्रदेशाचे नशीब असे की इथली माणसे लिहिणारी होती. मॅसॅचूसेट्सने १६३९ मध्येच जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला. लग्न हा त्यांच्या लेखी धर्मसंस्कार नव्हताच, तो दिवाणी करार होता आणि तो न्यायाधीशासमोर होई. त्यामुळे नोंदी चर्चपेक्षा गावच्या कारकुनाच्या वहीत सापडतात. जोडीला जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, मयताच्या सामानाच्या याद्या, चर्चच्या सभासदांचे पट आणि कोर्टातली भांडणे. हे शेवटचे साधन फार मोलाचे, कारण साक्षीदार बऱ्याचदा आपले वय सांगतो आणि रागाच्या भरात नातीही सांगून जातो. दक्षिणेकडच्या व्हर्जिनियात १६०७ पासून वसाहत असूनही तिथल्या शोधकाला हे सुख नाही: कित्येक परगण्यांची दप्तरे आगीत गेली, त्यांतली काही १८६५ मध्ये रिचमंड जळाले तेव्हा.

कधी कधी भलताच कागद कामाला येतो. प्लिमथच्या वसाहतीने मे १६२७ मध्ये सामाईक गुरांची वाटणी केली. एकेका गटात तेरा माणसे असे बारा गट पाडले आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला आलेली गाय किंवा कालवड, शेळ्या यांच्याबरोबर गटातल्या प्रत्येकाचे नाव लिहिले, अगदी अंगावर पिणाऱ्या मुलाचेसुद्धा. चौथा गट जॉन हाउलँडचा. त्यात त्याची बायको एलिझाबेथ, डिझायर आणि जॉन ही दोन मुले, शिवाय शेजारचे ऑल्डन कुटुंब. वाट्याला आलेल्या कालवडीचे नाव रॅगहॉर्न. डिझायरच्या जन्माची दुसरी नोंद नाही. पण मे १६२७ पर्यंत ती जन्मलेली होती, हे या गुरांच्या यादीमुळे पक्के होते. अख्ख्या वसाहतीची ही एक प्रकारची शिरगणतीच, १५६ माणसांची.

हाच हाउलँड वंशशोधातल्या एका गाजलेल्या चुकीचाही नायक आहे. तो गव्हर्नर जॉन कार्व्हरचा चाकर म्हणून जहाजावर चढला. वाटेत वादळात तो समुद्रात फेकला गेला, शिडाचा लोंबता दोर हाती लागला आणि त्याला आकड्याने वर ओढून काढले. पुढे त्याला दहा मुले झाली आणि दहाही जगली, म्हणून त्याचे वंशज अमाप. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष त्यांतलेच. कुटुंबातली आणि गावातली परंपरा सांगे की त्याची बायको कार्व्हरचीच मुलगी किंवा नात. चाकराने धन्याच्या घरची मुलगी केली ही गोष्ट ऐकायला गोड होती, आणि गव्हर्नर पूर्वज म्हणून मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? पिढ्यान्‌पिढ्या ती छापली गेली.

तिला छेद दिला तो गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या हस्तलिखिताने. त्याने वसाहतीचा इतिहास लिहून शेवटी जहाजावरच्या माणसांची घरवार यादी दिली होती, आणि तीस वर्षांनी त्यांच्यापैकी कोण मेले, कोणाला किती मुले-नातवंडे झाली तेही नोंदवले होते. हे बाड अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनमधून नाहीसे झाले आणि १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलम पॅलेसमधल्या ग्रंथालयात सापडले. पुढच्याच वर्षी ते छापले गेले. त्यात ब्रॅडफर्डने सरळ लिहिले आहे की हाउलँडने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केले. टिली नवरा-बायको आणि एलिझाबेथचे काका-काकू असे चौघेही पहिल्या हिवाळ्यात गेले होते, पोर एकटी उरली होती. मग तिचे मूळ इंग्लंडमध्ये शोधायचे तर कार्व्हरकडे नव्हे, टिलींकडे शोधायला हवे हे ठरले. बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत तिचा बाप्तिस्मा मिळाला: ३० ऑगस्ट १६०७. आता दुसऱ्या टोकाचा कागद पाहावा. स्वान्सी गावी डिसेंबर १६८६ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात एलिझाबेथ हाउलँड स्वतःचे वय एकोणऐंशी सांगते. ऐंशी वर्षांच्या अंतराने, महासागराच्या दोन काठांवर, एकमेकांची गाठ न पडलेल्या दोन कारकुनांनी लिहिलेले कागद असे जुळले, की त्या दुव्याबद्दल वाद घालायला फार जागा उरत नाही. त्याच मृत्युपत्रात ती मुलांची, लग्न झालेल्या मुलींची आणि नातवंडांची नावे घेते, म्हणजे पुढच्या दोन पिढ्याही त्या एकाच कागदाने बांधल्या जातात.

नवख्या माणसाला वाटते, सतरावे शतक म्हणजे सगळ्यात अवघड टप्पा. प्रत्यक्षात त्या काळाची बहुतेक घराणी अभ्यासकांनी पिंजून काढली आहेत. शोध अडतो तो साधारण १७८० ते १८५० यांच्या दरम्यान. क्रांतीनंतर जमीन कमी पडू लागली आणि धाकटी मुले न्यू यॉर्क, व्हरमाँट, ओहायोकडे निघाली. तिकडच्या नव्या गावांत नोंदी ठेवणारा कारकून नव्हता. न्यू यॉर्क राज्यात जन्ममृत्यूची नियमित नोंदणी १८८० च्या दशकात सुरू झाली. देशाची जनगणना १७९० पासून होती खरी, पण तीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे आकडे. घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव पहिल्यांदा १८५० मध्ये लिहिले गेले, आणि प्रमुखाशी नाते काय हा रकाना तर १८८० मध्ये आला. या काळातल्या बायका म्हणजे मोठीच पंचाईत. लग्नानंतर माहेरचे नाव जाते आणि मालमत्ता नवऱ्याच्या नावावर असते. मग उरते वडिलांचे मृत्युपत्र, ज्यात ‘माझी मुलगी अमकी, तमक्याची बायको’ असे लिहिलेले असेल तर, किंवा क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या विधवांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज. लग्न झाल्याचा पुरावा म्हणून या विधवांनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्न-मृत्यू लिहिलेली पाने फाडून सरकारला पाठवली. ती पाने आजही त्या फायलींत आहेत आणि कित्येक तुटलेल्या साखळ्या त्यांनीच जोडल्या.

वाचतानाचे खाचखळगे वेगळे. १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून मे १६४० मधले लग्न आणि फेब्रुवारी १६४० मधला पहिला मुलगा असे दिसले तर घाबरायचे कारण नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६४१ चा. अभ्यासक असे साल १६४०/१ असे जोडीने लिहितात. थोरला आणि धाकटा अशी बिरुदे लावलेले दोन जॉन बापलेक असतीलच असे नाही, एका गावात राहणारे चुलते-पुतणेही असतात, नाहीतर कसलेच नाते नसलेले दोघे. थोरला वारला की कालचा धाकटा आज थोरला होतो. जावई म्हणून लिहिलेला माणूस सावत्र मुलगाही निघतो. विधुर आणि विधवांची दुसरी-तिसरी लग्ने सर्रास होत, आणि पहिली मेरी जाऊन दुसरी मेरी घरात आली की मुले कोणाची, यावर लेख लिहिले जातात.

जिथे मागणी तिथे लबाडी आलीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवश्रीमंतांना इंग्लंडमधल्या सरदार घराण्याशी नाते हवे होते आणि ते पुरवणारेही होते. गुस्ताव अँजू (१८६३–१९४२) हा त्यांतला अट्टल. पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तो अस्तित्वात नसलेल्या मृत्युपत्रांचे आणि चर्चच्या नोंदींचे हवाले देऊन वंशावळी बनवी. त्या ग्रंथालयांत जाऊन बसल्या आणि तिथून उतरवून घेतल्या गेल्या. आज संकेतस्थळांवरच्या झाडांत त्या बिनदिक्कत फिरतात. ‘तीन भाऊ आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, एकाचा पत्ता लागला नाही’ ही कथा तर इतक्या घराण्यांत ऐकू येते की जाणकार ती ऐकताच हसतात.

या बजबजपुरीला वळण लावणाऱ्या संस्था-व्यक्तींत बॉस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी (स्थापना १८४५) पहिली. तिचे त्रैमासिक १८४७ पासून चालू आहे. जेम्स सॅव्हेजचा चार खंडांचा वंशकोश १८६०–६२ मध्ये निघाला. डॉनल्ड लाइन्स जेकोबस याने १९२२ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकाने पुराव्याची कसोटी कडक केली. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन याने १९८८ मध्ये १६२०–१६४० च्या प्रत्येक वसाहतकाराचे मूळ कागद नव्याने तपासण्याचा प्रकल्प हाती घेतला, आणि त्याचे खंड आज पहिला आधार मानले जातात. मेफ्लॉवर वंशजांची राष्ट्रीय संस्था १८९७ ची. तिने पहिल्या पाच पिढ्या तपासून छापल्या आहेत, तेव्हा अर्जदाराला खरे काम त्यापुढचे.

इंग्लंडमधले मूळ गाव लागणे हा यातला सर्वांत दुर्मीळ लाभ. मेफ्लॉवरवरची मोर भावंडे, म्हणजे एलेन, जॅस्पर, रिचर्ड आणि मेरी, ही लंडनच्या रस्त्यांवरची अनाथ मुले समजली जात. श्रॉपशरमधल्या शिप्टनच्या चर्चमध्ये त्यांचे बाप्तिस्मे मिळाले आणि १९५९ मध्ये त्यांच्या आईचा नवरा सॅम्युएल मोर याचे १६२२ च्या सुमाराचे निवेदन उजेडात आले. ही मुले आपली नाहीत, बायकोच्या प्रियकराची आहेत, अशी त्याची खात्री झाली होती, म्हणून त्याने ती आईपासून काढून जहाजावर चढवली. तिघे पहिल्याच हिवाळ्यात गेले. रिचर्ड जगला, जहाजाचा कप्तान झाला आणि सेलममध्ये म्हातारा होऊन मेला. त्याची आई खानदानी घरातली असल्यामुळे रस्त्यावरचे समजलेले हे पोर आज इंग्लंडच्या राजघराण्याशी जोडता येणाऱ्या मोजक्या प्रवाशांत गणले जाते.

वसाहतकारांच्या या भरगच्च दप्तरात मूळ रहिवासी मात्र दुसऱ्याच्या कागदातून डोकावतात. वॉम्पानोअॅग लोकांची नावे जमिनीच्या खतांवर खुणेच्या सहीने येतात आणि पुढे वसाहतकारांशी झालेल्या १६७५–७६ च्या युद्धाच्या हकिकतींत. युद्ध हरल्यावर त्यांचा नेता मेटाकॉम याचा लहान मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, आणि तिथे त्या शाखेची कागदावरची वाट संपते. मॅसॅचूसेट्सने १६४१ च्या संहितेत गुलामीला कायदेशीर जागा दिली होती. आफ्रिकन माणसे मयताच्या मालमत्तेच्या यादीत सापडतात, बहुधा आडनावाशिवाय. त्यांच्या वंशजांना वंशशोध करायचा तर मालकाच्या घराण्याचे कागद वाचावे लागतात.

डीएनए चाचणीची या कामातली जागा मर्यादित आहे. बारा-तेरा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाकडून आलेला अंश बहुधा आज शिल्लकच नसतो, म्हणून ‘मेफ्लॉवरचे रक्त’ दाखवणारी सर्वसाधारण चाचणी असू शकत नाही. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र मात्र उपयोगी पडते. एकाच आडनावाचे दोन वसाहतकार शेजारच्या गावांत राहत असतील आणि त्यांचे आजचे पुरुष वंशज तपासल्यावर गुणसूत्रे जुळली नाहीत, तर भाऊ म्हणून छापलेली ती जोडी बाद करायला शंभर वर्षांच्या वादापेक्षा ही एक चाचणी जास्त कामाची ठरते. अर्थात मधल्या एखाद्या पिढीत दत्तक किंवा अनौरस मूल आलेले नाही, हे पाहण्यासाठी प्रत्येक शाखेतले दोघे-तिघे तपासावे लागतात.