वॉलरसची जीभ निघाली विमानाने

नुनाविकमध्ये वॉलरसची (लांब सुळ्यांच्या मोठ्या समुद्री प्राण्याची) शिकार झाली की मांसाची वाटणी लगेच होत नाही. आधी प्रत्येक जनावराचं मांस वेगळं ठेवून त्यावर खूण करतात. मग त्याची जीभ विमानात बसून कूजुआक गावातल्या प्रयोगशाळेकडे रवाना होते.

नुनाविक म्हणजे कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचं उत्तर टोक. इथे इनुइटांची, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांची, १४ गावं आहेत. दक्षिणेकडून तिथे रस्ताच जात नाही. दूध, भाजी, फळं सगळं विमानाने किंवा उन्हाळ्यातल्या जहाजाने येतं, आणि भावही तसेच असतात. अन्नसुरक्षा म्हटलं की आपल्याला रेशनचं दुकान आठवतं. इथे ती बरीचशी शिकाऱ्याच्या हातात आहे. इनुइटांनी सरकारशी केलेल्या १९७५च्या करारानंतर शिकाऱ्यांना सरकारी निधी मिळू लागला आणि गावोगावी सामायिक फ्रीझर आले.

वॉलरस मात्र जपून खावा लागतो. त्याच्या स्नायूंत ट्रिकिनेला हा कृमी दडलेला असू शकतो. तो माणसात शिरला की ताप येतो, डोळ्यांभोवती सूज येते, अंग ठणकतं. डुकरातला ट्रिकिनेला पुरेसं गोठवलं की मरतो. आर्क्टिकमधली जात, ट्रिकिनेला नेटिव्हा, गोठवण्याला दाद देत नाही. नीट शिजवलं तर मरते. पण इगुनाक, म्हणजे महिनोन्महिने मुरवलेलं वॉलरसचं मांस, न शिजवताच खातात, आणि त्याची चव चाखायला लोक टपलेले असतात. ‘शिजवून खा’ एवढं सांगून डॉक्टरांना हात झटकता आले असते.

त्याऐवजी १९९०च्या दशकात शिकारी, आरोग्य खातं आणि इनुइटांच्याच मकिविक संस्थेचं संशोधन केंद्र यांनी तपासणीची घडी बसवली. जीभ का? सतत हलणाऱ्या स्नायूंत अळ्या जास्त साठतात म्हणून. मांस बारीक करून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट ठेवून ढवळतात. काचेच्या भांड्यातलं पोटच म्हणा ना! मांस विरघळतं, अळ्या तशाच राहतात, कारण पोटातल्या आम्लातून तरून जाणं हाच त्यांचा धंदा. तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्या वेटोळं घालून बसलेल्या दिसतात.

मग गावाला निरोप जातो. खुणेवरून तेवढ्या एका जनावराचं मांस नष्ट करतात आणि बाकीच्यांची वाटणी सुरू होते.