नवा गोल्फ सेट घेण्याआधी हे वाचा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

काउंटरवर दोन प्रश्न रोज येतात. ग्रिपचे (गोल्फच्या काठीच्या, म्हणजे क्लबच्या, रबरी मुठीचे) दर का वाढले, आणि हा खेळ एवढा महाग का? महाप्याच्या आमच्या क्लब-दुरुस्तीच्या गाळ्यात ग्राइंडर चालू असताना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहून देतोय.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. तुमच्या सोसायटीजवळचा बॉक्स क्रिकेटचा टर्फ आठवा. पाच-सहा गुंठ्यांत जाळी बांधली, दिवे लावले की रात्री उशिरापर्यंत तासाच्या भाड्याने चालतो. दहा-बारा पोरं पैसे वाटून घेतात, कुणालाच जड जात नाही. अठरा होलच्या (बॉल घालायच्या खड्ड्यांच्या) गोल्फ कोर्सला शंभर एकरांहून जास्त जागा लागते. तिथे साधारण दहा मिनिटांनी चौघांचा एक गट सुटतो. सकाळी सहा ते दुपारी बारा गट सोडले तर हिशोब होतो १४४ माणसांचा. शनिवार-रविवारी एवढी माणसं मिळतीलही. मंगळवारी भर उन्हात कोण येणार?

खर्च मात्र मंगळवारीही थांबत नाही. ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या सपाट हिरवळीचं, गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटर ठेवावं लागतं, त्यामुळे कापणी जवळपास रोजची. आपल्याकडे दुखणं दुहेरी आहे. जून ते सप्टेंबर पाणी काढून द्यायचं आणि पुढचे आठ महिने तेच पाणी विकत किंवा उपसून घालायचं. त्यात नवी मुंबईतल्या जमिनीचे भाव तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. एखाद्या खाजगी माणसाने इथे नवा कोर्स काढावा, हे गणित बसत नाही. म्हणूनच खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने केलेला कोर्स आम्हाला मोलाचा वाटतो. असे कोर्स टिकायचे तर मधल्या वारीही लोक खेळायला हवेत. जमत असेल तर बुधवारी-गुरुवारी जा, ही आमची मनापासून विनंती.

ही ओढाताण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत घरं विकली जावीत म्हणून घरांभोवती कोर्स बांधले गेले, खेळणारे तेवढे वाढले नाहीत. २००६ पासून दहा वर्षांहून जास्त काळ तिथे उघडणाऱ्या कोर्सपेक्षा बंद पडणारे जास्त होते. २०१६ मध्ये नाइकीने गोल्फचे क्लब, बॉल आणि बॅगा बनवणं सोडलं. पुढच्या वर्षी आदिदासने टेलरमेड ही आपली गोल्फ-सामानाची कंपनी विकून टाकली. कोविडनंतर मोकळ्या हवेतला खेळ म्हणून मागणी पुन्हा उसळली, तेव्हा माल मिळेना. याचा तुमच्याशी संबंध असा, की नाइकीचा जुना अ‍ॅडजस्टेबल ड्रायव्हर (लांब फटक्याचा, डोक्याचा कोन बदलता येणारा क्लब) स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याचे सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि आम्हाला तुम्हाला परत पाठवावं लागतं.

आता ग्रिपचे दर. ग्रिप, शाफ्ट (क्लबचा दांडा), शाफ्ट डोक्याला चिकटवायचं इपॉक्सी, सगळं आयात. रुपया घसरला की आमची खरेदी महागते. वाढ तेवढीच लावली आहे, मजुरी जुनीच आहे.

तरीही ग्रिप बदलणं नव्या सेटपुढे काहीच नाही. घोडबंदर रोडचे एक काका सेट विकायला घेऊन आले होते. बॉल उजवीकडेच जातो, आता वय झालं, म्हणाले. आम्ही त्यांचा सात नंबरचा आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) हातात घेतला. डावा अंगठा टेकतो तिथे रबर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. घामाने आणि उन्हाने रबर असं कडक होतं, मग क्लब हातात फिरू नये म्हणून माणूस मूठ आवळतो आणि फटका बिघडतो. आकडी पात्याने जुनी ग्रिप उभी चिरली, टेपचा चिकटा खरवडला, नवी दुहेरी टेप गुंडाळली, सॉल्व्हंट ओतून ग्रिप एका दमात सरकवली आणि ग्रिपवरची रेघ सरळ केली. सेट त्यांनी विकला नाही.

नव्याने शिकणाऱ्यांना आम्ही पूर्ण सेट विकत नाही. नियमाने चौदा क्लब नेता येतात, पण पहिल्या वर्षाला सहा-सात पुरतात. एक वेज (जवळच्या उंच फटक्याला), दोन-तीन आयर्न, एक हायब्रिड (आयर्न आणि वूडच्या मधला), एक फेअरवे वूड (लांब फटक्याला), पटर (ग्रीनवर बॉल होलमध्ये ढकलायला). वापरलेले चांगले क्लब आमच्याकडे तपासून ठेवलेले असतात.

पावसाळ्यात खेळून आल्यावर स्टीलचा शाफ्ट क्लबच्या डोक्याजवळ कोरडा पुसा, गंज तिथूनच धरतो. ग्रिप कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा. बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात इपॉक्सी सैल पडतं आणि एखाद्या दिवशी क्लबचं डोकं बॉलच्या मागोमाग जातं.

खेळणारे कमी झाले की पहिला फटका कॅडींच्या (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसांच्या) रोजीला बसतो. त्यांच्या स्वतःच्या क्लबच्या ग्रिप आम्ही मजुरी न घेता बदलतो, फक्त ग्रिपचे पैसे. तुमच्या कॅडीला हे जरूर सांगा.

सेट शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी आणा. संध्याकाळी बसवलेली ग्रिप रात्रभर सुकू द्यावी लागते, सकाळी दहानंतर घेऊन जा. शुक्रवारी आलेलं काम रविवारच्या खेळासाठी मिळेल असं सांगता येत नाही.