भाकरी, काना आणि पायथनची डिक्शनरी

इंदुरात मराठी मंडळांच्या स्मरणिका आणि लग्नपत्रिका वर्षानुवर्षे कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप झाल्या. इथल्या डीटीपीवाल्यांचे बहुतेक काम हिंदीचे, हात रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कळमांडणीवर बसलेला. आज त्या फाइली उघडल्या आणि फॉन्ट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. तो मजकूर मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतात, बदलतो.

या गुंत्याचे मूळ टाइपरायटरात आहे. कळा मोजक्या, देवनागरीचा पसारा मोठा. म्हणून भ, ख, घ, थ, ध, ण, श यांना पूर्ण अक्षराची कळ मिळालीच नाही. अर्धे अक्षर दाबायचे आणि पुढे काना द्यायचा. कृतिदेवने तीच मांडणी उचलली. ‘भाकरी’ घ्या: कॅपिटल एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे काना, तो लागला की भ पुरा. पुन्हा के, हा खरा आकार. मग डी, जे आणि स्मॉल एच.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर 1991 मध्ये आली. तिच्यात देवनागरीची मांडणी 1988 च्या भारतीय ‘इस्की’ संकेतावरून घेतलेली, आणि तिथे भ हे एकच अक्षर. पायथनही 1991 चाच, डिक्शनरी, म्हणजे डावीकडच्याच्या जागी उजवीकडचे सांगणारा तक्ता, त्यात पहिल्यापासून. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 ने साधा मजकूरच युनिकोड केला, तेव्हा हे काम खरे सोपे झाले.

तरी एच-के सारखी दोन कळांची जोडी अडतेच. अक्षरे बदलणाऱ्या ‘ट्रान्सलेट’ या आज्ञेला दिलेल्या डिक्शनरीत डावीकडे एकच अक्षर चालते, उजवीकडे कितीही. ‘रिप्लेस’ने एकेक बदल करत गेलो आणि के आधी बदलला, तर एच-के ही जोडी उरतच नाही, मोडका भ आणि लोंबता काना हाती येतो. म्हणून लांब जोड्या आधी. 2018 च्या 3.7 आवृत्तीपासून डिक्शनरी भरलेला क्रम राखते, ही हमी इथे फार मोलाची.

क्रम नीट लावूनही मी एकदा फसलो. कृतिदेवमध्ये उजवा चौकटी कंस म्हणजे स्वल्पविराम, आणि स्वल्पविरामाची कळ म्हणजे ‘ए’. कंस आधी बदलला, पुढच्या फेरीत त्याचाच ए झाला, आणि अख्ख्या स्मरणिकेत नावांच्या मध्ये ए, ए, ए! तेव्हापासून मी रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्राने, सगळा मजकूर एकाच फेरीत बदलतो.

पहिली वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराआधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलट. ती हलवाहलव डिक्शनरीने होत नाही, तिच्यासाठी वेगळा कोड लिहावा लागतो.