सोळा टन कोळसा आणि दुकानातली उधारी

एप्रिल १९४५ मध्ये ओकिनावाजवळच्या इए शिमा या छोट्या बेटावर अर्नी पाइल हा अमेरिकी युद्धवार्ताहर जपानी गोळीने मारला गेला. साध्या शिपायांबद्दल घरच्यासारखं लिहिणारा म्हणून तो देशभर वाचला जायचा. जॉन ट्रॅव्हिस नावाच्या एका माणसाने त्या सुमाराला आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात पाइलच्या मरणाबद्दलची हळहळ होती आणि तिच्या ओघात आलेलं एक वाक्य होतं. त्याचा मतलब असा, की हे सगळं कोळशाच्या खाणीत राबण्यासारखंच आहे. सोळा टन भरायचे, आणि मिळतं काय, तर वय एका दिवसाने वाढतं आणि कर्ज आणखी चढतं.

भाऊ होता मर्ल ट्रॅव्हिस. कॅलिफोर्नियात गिटार वाजवून पोट भरणारा. पुढच्याच वर्षी त्याने ते वाक्य जवळजवळ तसंच उचलून गाण्याचं ध्रुवपद केलं. ध्रुवपदाचा दुसरा अर्धा भागही उसनाच होता, तो वडिलांकडून घेतलेला. तब्येत कशी आहे असं कुणी विचारलं की वडील म्हणायचे, मरणं मला परवडत नाही, माझा जीवच कंपनीच्या दुकानाकडे गहाण आहे. ‘सिक्स्टीन टन्स’ या गाण्याचं मूळ हे एवढंच. एक पत्र आणि एक घरगुती विनोद.

विनोद कडू होता, कारण तो शब्दशः खरा होता. ट्रॅव्हिसचा जन्म १९१७ चा, पश्चिम केंटकीतल्या म्यूलनबर्ग काउंटीतला. वडील आधी तंबाखूची शेती करायचे, मग खाणीत गेले. तिथे मजुरी तासावर नव्हती, टनावर होती. जेवढा कोळसा फावड्याने डब्यात भराल तेवढे पैसे. अमेरिकी सोळा टन म्हणजे आपले साधारण साडेचौदा मेट्रिक टन. एका माणसाने, एका दिवसात, हाताने. वजन करणारा कंपनीचा, त्यामुळे काट्याजवळ आपलाही माणूस उभा हवा ही कामगार संघटनांची जुनी मागणी होती.

आणि मजुरी हातात यायची तीही रोख असेलच असं नाही. पगाराआधी उचल घेतली, आणि घरात पोरंबाळं असलेल्याला ती घ्यावीच लागायची, तर कंपनी स्वतःचे पितळी बिल्ले किंवा कागदी कुपनं द्यायची. ती चालायची कंपनीच्याच दुकानात. बाहेर कुणी घेतलीच तर कमी भावाने. पीठ, बूट, औषध, खुद्द खाणीत लागणारं फावडं आणि सुरुंगाची दारू, सगळं त्याच दुकानातून आणि त्याच खात्यावर. राहायचं घरही बहुतेक वेळा कंपनीचंच. महिनाअखेर हिशेब व्हायचा तेव्हा पगाराच्या पाकिटात पैशांऐवजी बाकी निघायची. आपल्याकडे ‘उचल’ हा शब्द ज्यांनी ऊसतोडीच्या संदर्भात ऐकलाय, त्यांना ही यंत्रणा समजावून सांगायची गरज नाही.

गाणं तयार झालं ते मात्र अगदी धंदेवाईक कारणाने. १९४६ मध्ये लोकगीतांच्या रेकॉर्डना गिऱ्हाईक होतं, बर्ल आइव्हजसारखे गायक त्यावर चालत होते. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीचे क्लिफी स्टोन यांना तशाच गाण्यांचा संच हवा होता. त्यांनी ट्रॅव्हिसला विचारलं. ट्रॅव्हिस म्हणाला, चांगली लोकगीतं आइव्हजने आधीच गाऊन टाकलीत. मग नवी लिही, असं उत्तर आलं. म्हणजे लोकगीत हे फर्माईशीवरून लिहायचं होतं! त्याने लिहिलंही. ‘सिक्स्टीन टन्स’ आणि खाणीतल्या अंधारावरचं ‘डार्क अ‍ॅज अ डंजन’ ही दोन गाणी त्याच सपाट्यात झाली. ८ ऑगस्ट १९४६ ला हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रण झालं. नुसती गिटार आणि आवाज, सुरुवातीला दोन शब्द बोलून. अंगठ्याने खर्जाच्या तारा आणि तर्जनीने सूर छेडायची ती म्यूलनबर्गची खास पद्धत आज गिटारवाले ट्रॅव्हिसच्याच नावाने ओळखतात, पण तोही ती गावाकडच्या मोझ रेगर आणि आइक एव्हर्लीकडून शिकला होता.

१९४७ मध्ये ‘फोक साँग्ज ऑफ द हिल्स’ हा संच बाजारात आला आणि तसाच पडून राहिला. गंमत म्हणजे त्याच काळात ट्रॅव्हिसची हलकीफुलकी गाणी चौदा-चौदा आठवडे कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या, यादीत पहिली होती. लोकांना त्याच्याकडून थट्टा हवी होती, कोळसा नको होता. शीतयुद्धाचा गारठा वाढत होता तो वेगळाच. पुढे कॅपिटॉलमध्ये नावारूपाला आलेले केन नेल्सन तेव्हा शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर होते. त्यांनी सांगितलेली आठवण अशी, की एफबीआय या सरकारी तपाससंस्थेच्या माणसांनी येऊन ट्रॅव्हिसच्या रेकॉर्ड वाजवू नका असं सुचवलं. माणूस कम्युनिस्टांकडे झुकलेला आहे म्हणे. ट्रॅव्हिसचा कुठल्याही पक्षाशी काडीचा संबंध नव्हता. बापाचं बोलणं त्याने गाण्यात घातलं होतं, बस.

इथून गाणं आठ वर्षं झोपतं.

टेनेसी अर्नी फोर्ड हा टेनेसीतल्या ब्रिस्टलचा. रेडिओवरचा निवेदक, शास्त्रीय गायनाचं थोडं शिक्षण घेतलेला, खर्जातला भरदार आवाज. क्लिफी स्टोनच्याच ‘होमटाउन जंबोरी’ कार्यक्रमात तो आणि ट्रॅव्हिस एकत्र असायचे, आणि पुढे स्टोन त्याचे व्यवस्थापक झाले. म्हणजे गाणं लिहून घेणारा आणि ते गाणाऱ्याला सांभाळणारा माणूस एकच. हा दुवा बहुतेक जण विसरतात, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९५५ मध्ये फोर्डचा एनबीसी या टीव्ही वाहिनीवर रोजचा दुपारचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात त्याने हे गाणं गायलं आणि पत्रं येऊ लागली. त्या उन्हाळ्यात इंडियानाच्या जत्रेत हजारोंच्या गर्दीसमोर गायलं, तिथेही लोकांनी उचलून धरलं. पण रोजच्या कार्यक्रमाच्या धबडग्यात त्याला स्टुडिओत जायला फुरसत नव्हती. करारानुसार द्यायच्या रेकॉर्ड थकल्या होत्या. शेवटी कॅपिटॉलने तंबी दिली, की आता आला नाहीस तर करारभंग धरू. कर्जाबद्दलचं हे गाणं अशा रीतीने थकबाकी फेडायला म्हणून रेकॉर्ड झालं.

संगीत-संयोजक जॅक फॅसिनाटो यांनी वाद्यं मोजकीच ठेवली. क्लॅरिनेट, तोंड दाबलेला ट्रम्पेट, अशी थोडकीच. लय दाखवायला फोर्ड चुटक्या वाजवत होता. निर्माते ली जिलेट यांनी काचेपलीकडून ते ऐकलं. जिलेट म्हणाले, राहू दे, रेकॉर्डमध्येही राहू दे. आज ते गाणं आठवताना शब्दांच्या आधी ती चुटकी आठवते.

१७ ऑक्टोबर १९५५ ला तबकडी आली. मुख्य बाजूला दुसरंच एक प्रेमगीत होतं, ‘सिक्स्टीन टन्स’ मागच्या बाजूला. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. अकरा दिवसांत चार लाख, चोवीस दिवसांत दहा लाख आणि १५ डिसेंबरपर्यंत वीस लाखांवर प्रती खपल्या. कंट्रीच्या यादीत दहा आठवडे पहिला क्रमांक, पॉपच्या यादीत आठ. जानेवारी १९५६ मध्ये ब्रिटनमध्येही पहिला.

का चाललं, याची उत्तरं अनेक दिली जातात. मला पटतं ते हे, की तोवर बिल्ल्यांचा आणि कंपनीच्या दुकानांचा जमाना ओसरत आला होता. लोकांकडे मोटारी आल्या, ते दुसऱ्या गावात बाजार करायला लागले, संघटनाही बळकट झाल्या. धोका टळल्यावरच माणूस त्यावर चुटक्या वाजवू शकतो. शिवाय घर, गाडी, टीव्ही, सगळं हप्त्यांवर घेणाऱ्या १९५५ च्या अमेरिकेला ध्रुवपदातला तो हिशेब परका नव्हता.

यश आलं तसे हक्कदारही आले. केंटकीचेच गायक जॉर्ज डेव्हिस यांचं म्हणणं, की हे गाणं मुळात माझं, १९३० च्या दशकातलं, फक्त त्यात टन नऊ-दहा होते. ते सिद्ध झालं नाही. श्रेय ट्रॅव्हिसकडेच राहिलं. ट्रॅव्हिसला मात्र खरं देणं कुणाचं ते माहीत होतं. कार्यक्रमात शेवटच्या ओळीला तो दुकानाचं नाव गाळायचा आणि म्हणायचा, माझा जीव टेनेसी अर्नी फोर्डकडे गहाण आहे.

ट्रॅव्हिस १९८३ मध्ये गेला. म्यूलनबर्गमधल्या एबेनेझर गावी १९५६ सालीच त्याचं स्मारक उभं राहिलं होतं, तिथे त्याची रक्षा विखुरली. फोर्ड १९९१ मध्ये गेला, तेही १७ ऑक्टोबरलाच. २०१५ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झालं. त्याआधी दहा वर्षं, २००५ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकने कोळसा किती स्वच्छ झालाय हे सांगणाऱ्या जाहिरातीत तो आवाज वापरला होता. पडद्यावर घामाने चमकणारे देखणे मॉडेल फावडी चालवत होते, मागे फोर्ड कर्जाचं गाणं गात होता. गाण्यातले शब्द काय म्हणतात हे जाहिरात मंजूर करणाऱ्यांपैकी कुणी ऐकलं होतं का, असा प्रश्न तेव्हाच पुष्कळांनी विचारला.