जुन्या लाँचचे इंजिन कंट्रोल: एक लिव्हर की दोन?

मुंबई बंदरातल्या आणि कोकणच्या खाड्यांमधल्या लाकडी लाँचवर सुकाणूपाशी गेअर आणि रेसचा (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा) लिव्हर तसा उशिराच आला. त्याआधी सारंग, म्हणजे लाँच हाकणारा, वर आणि इंजिन सांभाळणारा ड्रायव्हर खाली इंजिनापाशी, अशी सरळ वाटणी होती. सारंग दोरी ओढायचा, खाली घंटा वाजायची आणि ठरलेल्या टोलांप्रमाणे ड्रायव्हर गेअर टाकायचा किंवा काढायचा. कायद्यानेही हीच वाटणी गृहीत धरली होती. १९१७ च्या अंतर्देशीय बाष्पनौका कायद्यात सारंगाचे आणि इंजिन ड्रायव्हरचे प्रमाणपत्र वेगवेगळे होते. पुढे कायद्याच्या नावातून वाफ गेली, तरी दोन माणसे टिकली. या पद्धतीत धक्क्याला लागताना दोन-चार सेकंद वाया जात. पण गेअर पुरता बसला की अर्धवट राहिला, हे ड्रायव्हरच्या हाताला तिथल्या तिथे कळे. लिव्हर आणि गेअरबॉक्स यांच्या जुळवणीची भानगडच नव्हती.

कंट्रोल वर आणायचे तर मधले अंतर कशाने तरी जोडायला हवे. आच्छादनातून सरकणाऱ्या तारेचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ सालचे, पण ती तार फक्त ओढता येते, परतीसाठी स्प्रिंग लागते. सायकलच्या ब्रेकला ते चालते. गेअरला मात्र ओढणे आणि ढकलणे दोन्ही हवे. म्हणून बरीच वर्षे सळया, कोपरे आणि साखळ्या वापरल्या गेल्या. लाकडी बोट माल-माणसांनी भरली की थोडी वाकते, मग धक्क्यावर नीट जुळवलेली सळई भर पाण्यात चुकीची ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत प्लास्टिकचे अस्तर असलेली, ढकलली तरी न वाकणारी केबल छोट्या बोटींवर रुळली, आणि हा त्रास संपला. आपल्याकडे १९५० नंतर मच्छीमार बोटींवर इंजिने चढू लागली. त्यांतली कित्येक मुळात ट्रकची. त्यांना गेअरबॉक्स एका कारखान्याचा, लिव्हर दुसऱ्याचा आणि केबल बाजारात मिळेल ती. जुन्या बोटींवरचे निम्मे दुखणे या जोडकामातले आहे.

खरा वाद पेटतो तो लिव्हर किती असावेत यावर. दोन लिव्हरच्या मांडणीत काळ्या मुठीचा गेअरचा आणि लाल मुठीचा रेसचा. एका लिव्हरच्या मांडणीत हात थोडा पुढे गेला की गेअर बसतो, आणखी पुढे नेला की रेस वाढते. मागे ओढले की हेच बॅकला. गेअरबॉक्स दुरुस्त करणारे एका लिव्हरच्या बाजूचे, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. दोन लिव्हर असले की घाबरलेला माणूस रेस न उतरवता पुढच्या गेअरमधून थेट बॅक मारतो. गेअरबॉक्समधल्या क्लचच्या प्लेटा जळतात, इंजिन आणि पंख्याचा दांडा जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट तुटतात. एका लिव्हरने ही चूक बरीच टळते. शिवाय दुसरा हात सुकाणूला मोकळा राहतो.

पण पुढच्या गेअरमध्ये असताना गेअरची केबल तुटली किंवा तिची पिन निघाली तर? बहुतेक जुने गेअरबॉक्स आपणहून न्यूट्रलला येत नाहीत, आहेत तिथेच राहतात. सारंग धक्का पाहून लिव्हर मागे ओढतो. गेअर हलतच नाही, रेसची केबल मात्र शाबूत असते. तो जितका जोरात बॅक मारतो, तितकी लाँच वेगाने पुढे धक्क्यावर जाते. दोन लिव्हर असते तर गेअर मागे घेऊनही बोट पुढेच सरकते आहे, हे रेस द्यायच्या आधी दिसले असते. चकचकीत नव्या कंट्रोलच्या हौसेपायी जुन्या लाँचवरून दोन लिव्हर घाईने उतरवले गेले, असे म्हणायला जागा आहे.

याच वादात एक साधी दोरी विसरली जाते: स्टॉपची. जुन्या डिझेलला चावी काढून फरक पडत नाही, इंधनाच्या पंपावरचा स्टॉप ओढला तरच इंजिन बंद पडते. पुष्कळ लाँचवर ती मूठ अजून खालीच आहे, जणू ड्रायव्हर तिथेच बसलेला आहे. ती सुकाणूपाशी असेल तर एका लिव्हरवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप बराच बोथट होतो.

जुळवणीचा क्रमही या इतिहासातूनच आला आहे. आधी गेअर, मग रेस. वर लिव्हर न्यूट्रलला ठेवायचा, खाली केबल सोडवून गेअरबॉक्सचा दांडा मधल्या खाचेत बसवायचा आणि केबलचे टोक फिरवून पिन अलगद जाईल इतकी लांबी ठेवायची. मग दोन्ही बाजूंना खाच ‘टक्’ वाजून पुरती बसते का, ते पाहायचे. नेहमीच्या हलक्या केबलची चाल तीन इंचांची. हात हलका चालावा म्हणून कुणी पिन दांड्याच्या बाहेरच्या भोकात सरकवली असेल, तर तेवढी चाल पुरत नाही. मग गेअर अर्धवट बसतो, प्लेटा घसरतात, आणि बोट ओढत नाही म्हणून सारंग आणखी रेस देतो. रेसच्या केबलला पंपावरचे दोन्ही थांबे लागले पाहिजेत, मंद आणि पूर्ण. जड झालेल्या केबलमध्ये जळके तेल सोडायची जुनी सवय आहे. त्याने खार आणि धूळ यांचा चिखल होतो, केबल बदलणेच बरे. फाजील लांब केबलचे वेटोळे करून बांधणेही तसेच. आठ इंचांपेक्षा लहान त्रिज्येचे वळण तिला मानवत नाही.

१९१७ च्या कायद्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला, इंजिनची चाचणी चालू असलेली एक वेगवान बोट धडकली. इंजिनात बिघाड होऊन तिच्यावरचे नियंत्रण सुटले, असे अधिकृत निवेदनात म्हटले होते. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली आणि ती हवीच होती. कंट्रोलच्या तपासणीची चर्चा मात्र तेवढी रंगली नाही.

आता इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आले आहेत. नव्या इंजिनांना केबल लागतच नाही. जुन्या इंजिनावर तेच बसवले, तर सुकाणूपासून वायर येते आणि इंजिनाजवळची मोटरची पेटी केबल ओढते. त्या पेटीपासून गेअरबॉक्सपर्यंत हातभर केबल उरतेच, आणि तिची लांबी गेअर न्यूट्रलला धरून, पिन हाताने घालूनच जुळवावी लागते.